रेपॉझिटरी पब्लिक करण्याआधी नाव पक्कं करा

कृष्णेच्या पाण्याची पातळी दाखवणारं ॲप करायचं, हे सांगलीत शिकणाऱ्या एखाद्या तरी गटाच्या डोक्यात दर पावसाळ्यात येतंच. कोड ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येईल असा ठेवायचा, हेही ठरलेलं असतं. मग कोड जिथे ठेवतात ती ऑनलाइन जागा, म्हणजे रेपॉझिटरी, सगळ्यांना खुली करण्याआधी मुलं विश्रामबागेत माझ्याकडे येतात आणि विचारतात, "ताई, रेपॉझिटरी पब्लिक करू का?" मी म्हणते, आधी नाव सांगा, आणि ते नाव कुणाच्या ताब्यात राहणार तेही सांगा.

पहिलं नाव बहुतेक वेळा 'कृष्णा' असतं. ते सोडा. शोधायला गेलं तर देव, नदी, साखर कारखाना आणि दवाखाना सापडेल, तुमचा प्रोग्रॅम सापडणार नाही. दुसरं असतं 'सांगली पूर अलर्ट'. या नावावर मी फार वेळ देते, कारण इथे प्रश्न जिवाचा असतो. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. पाणी चढत असताना गावभागातला माणूस मोबाइल बघून सामान माडीवर न्यायचं की नाही ते ठरवतो. 'सांगली पूर अलर्ट' वाचून त्याला वाटणार, ही सूचना प्रशासनाचीच. सेन्सर बंद पडला किंवा आकडा जुना राहिला, तर त्याच्या भरवशाचं काय? सरकारी वाटेल असं नाव, चिन्ह किंवा मुद्रा घेऊ नका. सरकारचा आश्रय असल्याचं भासवणारी नावं वापरण्यावर १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याचंही बंधन आहे. शिवाय नुसतं कामाचं वर्णन करणारं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवणं अवघड जातं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ त्याच्या आड येतं.

एका गटाला 'डोह' हवं होतं. ऐकायला सुंदर आहे, पण रोमनमध्ये लिहिलं की डी-ओ-एच होतं, आणि नेटवर्कवाल्यांसाठी ते 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस'चं, म्हणजे साइटचा पत्ता सुरक्षितपणे शोधायच्या एका पद्धतीचं, लघुरूप आहे. म्हणून नाव सुचलं की ते पाच जणांना फक्त ऐकवा आणि रोमनमध्ये टाइप करायला सांगा. पाचही जणांनी सारखं लिहिलं तर पुढे जा. ज्यात ळ आहे, किंवा जिथे दीर्घ 'आ' एका 'ए'ने लिहायचा की दोनने हा घोळ होतो, अशी नावं इथेच गळतात. इन्स्टॉल करताना नाव टाइपच करावं लागतं, आणि पॅकेजच्या (इन्स्टॉल करायला तयार प्रोग्रॅमच्या) ऑनलाइन साठ्यांत ते रोमनच लागतं.

समजा, 'नदीमान' ठरलं. पर्जन्यमान तसं नदीमान. आता तपासणी. गिटहब (जिथे रेपॉझिटरी ठेवतात), पायपीआय आणि एनपीएम (पायथन व जावास्क्रिप्टच्या पॅकेजचे साठे), डेबियन या लिनक्स प्रणालीची पॅकेज यादी, प्ले स्टोअर, एफ-ड्रॉइड (ओपन सोर्स अँड्रॉइड ॲपचा साठा) आणि डोमेन हे सगळं एकाच बैठकीत बघा. मग भारताच्या ट्रेडमार्क नोंदणीचा सार्वजनिक शोध उघडा आणि वर्ग ९ व वर्ग ४२ दोन्ही बघा. पहिल्यात सॉफ्टवेअर येतं, दुसऱ्यात सॉफ्टवेअरच्या सेवा. तिथे उच्चारावरून शोधायचीही सोय आहे. ती वापराच, कारण स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार सारखा असला की वाद होऊ शकतो. मोझिलाचा ब्राउझर आधी फिनिक्स होता. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २००३ मध्ये तो फायरबर्ड झाला. त्या नावाचा डेटाबेस प्रकल्प आधीपासून होता, त्यांनी हरकत घेतली, आणि २००४ मध्ये फायरफॉक्स हे नाव आलं.

स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. डेबियनच्या पॅकेज नावात रोमनची लहान लिपीच (स्मॉल लेटर्स) चालते. पायपीआयला हायफन, अंडरस्कोर, टिंब आणि लहान-मोठी अक्षरं यांतला फरक कळत नाही, ते सगळं एकच धरतं. पायथनच्या इम्पोर्टमध्ये, म्हणजे कोडमध्ये पॅकेज नावाने बोलावताना, मात्र हायफन चालत नाही. म्हणून एकसंध, लहान लिपीतलं, हायफन नसलेलं नाव सगळ्यांत सुखाचं. कमांडचं नाव आधीच कुणी घेतलेलं नाही ना, तेही बघा. डेबियनमध्ये 'नोड' नावाचा हौशी रेडिओवाल्यांचा प्रोग्रॅम आधीपासून होता, त्यामुळे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड डॉट जेएसची कमांड तिथे कित्येक वर्षं 'नोडजेएस' होती. अँड्रॉइडच्या ॲप्लिकेशन आयडीला, म्हणजे ॲपच्या आतल्या कायमच्या ओळखनावाला, तर विशेष जपा. प्ले स्टोअरवर एकदा गेला की तो बदलता येत नाही. त्यात कॉलेजचं किंवा एखाद्या मुलाचं नाव घालू नका, प्रकल्पाच्या स्वतःच्या डोमेनवरून तो बनवा.

आता मालकी. मला सगळ्यात कळकळ याच गोष्टीची आहे. शेवटच्या वर्षाची मुलं जूनमध्ये पुण्याला जातात. डोमेन एकाच्या कार्डावर, पायपीआय खातं दुसरीच्या कॉलेजच्या ईमेलवर, आणि तो ईमेल पदवीनंतर बंद. पुढच्या वर्षीच्या गटाकडे कोड असतो, नाव नसतं. मोठ्या प्रकल्पांचंही असं झालं आहे. इथिरिअल हे नेटवर्क तपासायचं साधन लिहिणारे जेराल्ड कोम्ब्स यांनी २००६ मध्ये नोकरी बदलली, नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला, आणि प्रकल्प वायरशार्क झाला. २०११ मध्ये हडसन या कोड आपोआप तपासणाऱ्या साधनाच्या नावावर ओरॅकल कंपनीने हक्क सांगितला, तेव्हा समुदाय कोड घेऊन जेन्किन्स नावाने पुढे गेला. गिटहबवर वैयक्तिक खात्याऐवजी ऑर्गनायझेशन उघडा, निदान तिघांना मालकीचे अधिकार द्या, आणि प्रत्येक खातं कुणाकडे आहे ते रेपॉझिटरीतच लिहून ठेवा. पासवर्ड नव्हे, फक्त नावं.

लायसन्स कोडचं असतं, नावाचं नसतं, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. अपाची लायसन्स २.० च्या कलम ६ मध्ये ते स्पष्टच लिहिलं आहे. म्हणून 'ट्रेडमार्क' नावाची एक पानभर फाइल ठेवा. 'नदीमानसोबत चालतं' असं कुणीही म्हणावं. न बदललेला प्रोग्रॅम त्याच नावाने कुणीही वाटावा. पण कोड बदलून प्रसिद्ध केला तर नाव बदलावं. उद्या कुणी ४५ च्या जागी ५० घालून तेच नाव लावलं, तर पुराच्या रात्री लोक तुमच्या नावावर विश्वास ठेवून बसतील. ही अट फार ताणूही नका. मोझिलाचं ट्रेडमार्क धोरण आणि डेबियनचे नियम जुळले नाहीत म्हणून २००६ पासून २०१६ पर्यंत डेबियनमध्ये फायरफॉक्स 'आइसवीझल' या नावाने मिळत होता.

नोंदणी लगेच हवीच असं नाही. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची. वापर वाढला की करा. तोवर नावापुढे 'टीएम' लिहिता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो कलम १०७ खाली गुन्हा आहे.

चिन्हाचं थोडक्यात सांगते. देवनागरी अक्षरांसाठी 'मुक्त' किंवा 'बलू' हे फॉन्ट घ्या, दोन्ही 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. चिन्हाच्या एसव्हीजी चित्रफाइलीत अक्षरांची बाह्यरेषा करून टाका, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलेल. छोट्या आयकनमध्ये पूर्ण नाव वाचता येत नाही, एक 'न' पुरे.

इतकं करूनही नाव बदलायची वेळ आलीच, तर लवकर बदला, शक्यतो पावसाळा लागण्याआधी. गिटहब जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पाठवतो, पण जुन्या नावाची नवी रेपॉझिटरी उघडलीत तर ते थांबतं. पायपीआयवरचं जुनं पॅकेज काढू नका. त्याची शेवटची आवृत्ती अशी टाका की ती नवं पॅकेज ओढून घेईल आणि चालवताना नवं नाव दाखवेल.