रश्शातली चरबी आदल्या रात्रीच काढावी

बेळगाव-खानापूरकडे रविवारचा मटणाचा रस्सा सुटणे कठीण, आणि कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला त्यातली चरबी तर सोसत नाही. म्हणून मटण शनिवारी संध्याकाळीच हळद, मीठ व आले-लसूण घालून शिजवावे आणि कोमट होताच, फार तर दोन तासांत, झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी पातेल्यावर पांढरी, मेणासारखी घट्ट साय धरलेली दिसते. ती डावाने कडेपासून अलगद उचलून टाकावी. मग 2 चमचे तेलात मसाला परतून रस्सा खळखळून उकळावा व भाताऐवजी ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढावा. मुरल्यामुळे चव उलट वाढते, असा माझा अनुभव आहे. मात्र एवढ्यावर विसंबून डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नये.