दगडावरचा जिओडर्मॅटोफिलस प्लेटवर कसा वाढवायचा

मायक्रोबायॉलॉजीच्या प्रोजेक्टला दरवर्षी तेच रायझोबियम नि तेच अझोटोबॅक्टर करून कंटाळा आला असेल तर जिओडर्मॅटोफिलस करून बघा. माती आणि दगडावर राहणारा, अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया गटातला जिवाणू आहे, 1968 पासून माहितीये, आणि आपल्या खान्देशात काळ्या दगडाला काय तोटा. बांधावरचा, दिवसभर उन्हात तापणारा दगड घ्या. लळिंगच्या किल्ल्याचा नाहीतर देवळाचा दगड खरवडायचा नाही, आधीच सांगतो. निर्जंतुक ब्लेडने वरचा थर काढून ती भुकटी निर्जंतुक पाण्यात चांगली हलवायची, डायल्यूशन करून (म्हणजे टप्प्याटप्प्यानं पातळ करून) आर-टू-ए अगारवर, म्हणजे कमी पोषणाच्या माध्यमावर पसरायची. न्यूट्रिएंट अगार नको, भरपूर खायला मिळालं की बॅसिलससारखा भराभर वाढणारा जिवाणू सगळी प्लेट व्यापतो. बुरशी थांबवायला सायक्लोहेक्झिमाइड टाकतात, पण ते विषारी आहे, ग्लोव्हज घालूनच.

खरा घोळ तापमानात होतो. मे महिन्यात दगडाला हात लावता येत नाही म्हणून पोरं प्लेटा 45 डिग्रीला ठेवतात आणि मग काहीच येत नाही म्हणून रडतात. हा गडी ऊन, कोरडेपणा, यूव्ही, अगदी गॅमा किरणंसुद्धा सोसतो, पण सोसणं वेगळं आणि वाढणं वेगळं, वाढायला त्याला 28 च्या आसपासच लागतं. त्यात जळगावच्या उन्हाळ्यात साधा इन्क्युबेटर कामाचा नाही कारण तो फक्त गरम करतो, खोलीच त्याहून गरम असते, तेव्हा गार करणारा बीओडी इन्क्युबेटरच पकडा.

मग दम धरा. दोन दिवसांत आलेल्या मोठ्या पांढऱ्या कॉलन्या याच्या नाहीत. एक-दोन आठवडे, कधी तीनही लागतात, प्लेट सुकू नये म्हणून पॅराफिल्म लावा. कॉलनी आधी नारिंगी-गुलाबीसर असते, मग तपकिरी, शेवटी काळी पडते, आणि स्ट्रेप्टोमायसिस या दुसऱ्या जिवाणूसारखी पावडर वर धरत नाही. काळी बुरशीही दगडावर असतेच त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका, ग्रॅम स्टेनिंग करून मायक्रोस्कोपखाली बघा. ग्रॅम पॉझिटिव्ह, पेशी उभ्या-आडव्या दोन्हीकडून विभागत जातात म्हणून सीताफळासारखे गोळे दिसतात. ताज्या कल्चरचा हँगिंग ड्रॉप (काचेखाली लटकता थेंब) लावून पाहिला तर पोहणारे छोटे दांडेही सापडू शकतात.

ब्लास्टोकॉकस आणि मोडेस्टोबॅक्टर ही याचीच भावंडं, दिसायला जवळपास तशीच, त्यामुळे 16एस सिक्वेन्सिंग (जनुकावरून जिवाणू ओळखायची तपासणी) होईपर्यंत रिपोर्टमध्ये छातीठोकपणे नाव टाकू नका, एक्स्टर्नल परीक्षक तिथंच पकडतात.