बी.ए. नंतर मराठी पत्रकारितेत: पदवीचा विषय हीच तुमची बीट

इतिहास, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्याला पहिला सल्ला मिळतो तो 'आता मास कॉम कर' असा. कोर्स वाईट नसतो. पण मराठी वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे संपादन विभागात, नवा माणूस घेताना दोन गोष्टी पाहतात: त्याची कॉपी, म्हणजे लिहून दिलेला मजकूर, किती दुरुस्त करावी लागते आणि एखादा विषय त्याला मुळापासून कळतो का. दुसरी गोष्ट तुमच्याकडे थोडीफार आहे. तिला बातमीचं रूप द्यायला सहा महिने धरा. तेवढ्या काळात एम.ए., शिकवण्या, अर्धवेळ नोकरी, काहीही चालू ठेवता येतं.

आधी बीट, म्हणजे ज्या क्षेत्राच्या बातम्या तुम्ही सतत द्याल ते, ठरवा. 'मला लिहायला आवडतं' ही बीट नव्हे. राज्यशास्त्रवाल्याने महापालिका किंवा जिल्हा परिषद घ्यावी, अर्थशास्त्रवाल्याने बाजार समिती आणि पतसंस्था, भूगोलवाल्याने धरणसाठा आणि टँकर, इतिहासवाल्याने वारसा वास्तू आणि त्यांच्या डागडुजीची कंत्राटं. राहता त्याच तालुक्यातली बीट बरी, कारण तिथे आठवड्यातून दोनदा तरी प्रत्यक्ष जावं लागतं. फोनवर मिळालेली माहिती इतर चौघांनाही मिळालेली असते.

कला शाखेचा खरा फायदा कागद वाचताना होतो. जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन', स्थायी समितीची कार्यपत्रिका, पालिकेचा अर्थसंकल्प, जुनं गॅझेटिअर (जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ) हे सगळं कंटाळवाणं साहित्य आहे आणि म्हणूनच त्यात बातम्या पडून असतात. जे कागद असे मिळत नाहीत त्यांच्यासाठी माहिती अधिकार कायदा, २००५. राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत, असा महाराष्ट्राचा नियम आहे. उत्तराला ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

नवशिक्यांचे अर्ज फेटाळले जातात ते बहुतेकदा प्रश्न विचारल्यामुळे. 'शाळेसमोरचा रस्ता वर्षात का उखडला?' याला 'प्रश्नार्थक माहिती देय नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते नियमाला धरून असतं, कारण कायदा नोंदी देतो, खुलासे नाही. त्याऐवजी त्या कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची) संबंधित पानं, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधीची (ठेकेदार कामातल्या दोषांना जबाबदार असतो त्या मुदतीची) अट यांच्या प्रती मागा. रस्ता का उखडला ते या चार कागदांवरून बरंचसं कळतं, आणि दोषदायित्वाची मुदत संपली नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी, ही बातमीही हाती लागते.

आता लिहिणं. डेस्कवर येणारी प्रेसनोट साधारण अशी असते: 'कार्यसम्राट आमदारसाहेबांच्या शुभहस्ते आज जलशुद्धीकरण केंद्राचा लोकार्पण सोहळा मोठ्या उत्साहात व मान्यवरांच्या उपस्थितीत संपन्न झाला.' यातून वाचकाला काहीच मिळत नाही. पाणीपुरवठा अभियंत्याला तीन गोष्टी विचारा: कोणत्या भागाला, कधीपासून, किती वेळ. मग इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, होतो: 'शहराच्या पूर्व भागाला सोमवारपासून दिवसाआडऐवजी रोज पाऊण तास पाणी मिळणार आहे.' केंद्राची क्षमता आणि खर्च दुसऱ्या परिच्छेदात, आमदार तिसऱ्यात. इंट्रो २५ शब्दांच्या आत ठेवा. पदवीच्या परीक्षेत 'प्रस्तावना' लिहून लिहून हात बिघडलेला असतो. पार्श्वभूमीने सुरुवात करायची ती सवय जायला वीस-पंचवीस बातम्या लागतात. सरावासाठी रोज एक प्रेसनोट घ्या आणि १२० शब्दांत उतरवा.

टायपिंग इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कीबोर्डवर, शिका. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी साधनं सोयीची असतात, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यातूनच जास्त शिरतात. मजकूर कायम युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्या संगणकावर भलतीच चिन्हं दाखवतो आणि न वाचताच बाजूला पडतो. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत, ते एका बैठकीत वाचून होतात. मराठी घेऊन बी.ए. झालेल्यांनीही वाचावेत, त्यांची कॉपी काही निर्दोष नसते.

पुरवणीच्या संपादकाला विषय सुचवताना मेल पाच-सहा ओळींचा ठेवा: विषय काय, आत्ताच का, कोणते कागद हातात आहेत, कोणाशी बोललात, किती शब्दांत आणि कधी द्याल. 'मी लहानपणापासून आपल्या दैनिकाचा वाचक आहे' हे वाक्य काढून टाका. एकच विषय एकाच वेळी दोन दैनिकांना पाठवू नका. दोघांनीही छापला तर दोन्ही दारं बंद. आठवड्यात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करून द्या, मग दुसरीकडे वळा. पाच-सहा छापील मजकूर जमले की उपसंपादक किंवा प्रशिक्षणार्थी पदासाठी अर्ज करा.

कोर्स करायचाच असेल तर तो यानंतर. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईत विद्यापीठाची गरवारे संस्था, अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचं (आयआयएमसी) केंद्र. जाहिरातीतल्या स्टुडिओपेक्षा मागच्या दोन बॅचची मुलं कुठे लागली ते विचारा. आवाज आणि उच्चार चांगले असतील तर आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांसाठीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, तिथे स्वरचाचणी होते. वाहिन्यांसाठी ३० सेकंदांच्या दृश्यांवर ६० शब्दांच्या आसपास लिहायचा सराव पुरे. 'अँकरच व्हायचंय' म्हणणाऱ्यांची रांग मोठी असते, चांगल्या कॉपी एडिटरची नसते.

डेस्कच्या चाचणीत बहुधा वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी देतात. भाषांतर, संपादन करून निम्म्या लांबीवर आणणं आणि मथळा, सगळं तासाभरात. उमेदवार पडतात ते पोलीस कोठडीची न्यायालयीन कोठडी केली म्हणून किंवा आरोपीला दोषी ठरवून टाकलं म्हणून. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव गाळून गाव, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय लिहिला तरी ओळख उघड होतेच. नवखे इथे हमखास चुकतात.

तालुका बातमीदारीचं काम मिळालं तर हो म्हणण्याआधी विचारा: मानधन महिन्याला की बातमीमागे, प्रवासखर्च वेगळा का, आणि जाहिरातींचं टार्गेट आहे का. टार्गेट बहुतेक ठिकाणी असतं. ज्या नगरसेवकाकडून वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच्याच वॉर्डातल्या गटाराची बातमी कशी द्यायची, हा पेच पहिल्या महिन्यातच उभा राहतो. जाहिरातींचं काम दुसऱ्याकडे देता येईल का ते रुजू होण्याआधीच बोलून घ्या, आणि जे ठरेल ते मेलवर मागा.