कोरलाइन खरवडायला बसण्यापूर्वी

प्रवाळ पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये काचेवर जे चुनखडीसारखं कडक, गुलाबी-जांभळं शेवाळ चढतं, ते म्हणजे कोरलाइन. तिचे गुलाबी ठिपके टाचणीच्या डोक्याएवढे असतील तोवरच हात घाला. दोन-तीन दिवसांआड मॅग्नेट (काच घासायची चुंबकाची जोडी, एक तुकडा आत, एक बाहेर) फिरला तर तेवढ्यावर भागतं. ठिपके एकमेकांना भिडून जांभळट थर झाला की ब्लेडशिवाय तो हलत नाही. मागची काच मात्र सोडून द्या. तिथली कोरलाइन दिसायलाही छान असते, आणि तिने व्यापलेल्या जागेत केसाळ शेवाळ सहज बसत नाही.

कोरलाइन कमी व्हावी म्हणून केएच (पाण्याची क्षारता, ती डीकेएचमध्ये मोजतात) किंवा कॅल्शियम खाली आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. 8 ते 10 डीकेएच, 400 ते 450 पीपीएम कॅल्शियम, 1300 च्या आसपास मॅग्नेशियम, हे सगळं प्रवाळालाही लागतंच. तिला उपाशी ठेवाल तर प्रवाळही उपाशी राहील.

आता मॅग्नेट. आतला तुकडा आदल्या रात्रीच बाहेर काढा, नळाखाली धुवा आणि खरखरीत बाजूवरून बोट फिरवा. कण लागला तर पुन्हा धुवा, पुन्हा बोट फिरवा. कण निघत नसेल तर पॅड बदला. कोरलाइन म्हणजे मॅग्नेशियम मिसळलेला कॅल्साइट. मोसच्या मापावर त्याचा कठीणपणा 3 च्या जवळपास आणि काचेचा साडेपाच, म्हणजे कोरलाइनने काचेवर चरा पडत नाही. चरा पाडते ती मॅग्नेटखाली अडकलेली वाळू, कारण गारगोटीचा कण 7 चा असतो. आपली वाळू अरॅगोनाइटची आहे, ती काचेहून मऊ आहे, असं म्हणून निर्धास्त होऊ नका. तिच्यात गारगोटीचा एक कण निघाला तरी पुरे. माझ्या समोरच्या काचेवर अशाच एका कणाचा लांब ओरखडा आहे, आणि काच बदलल्याशिवाय तो जाणार नाही. म्हणून मॅग्नेट धुवा. काम करतानाही वाळूला टेकला, हातातून निसटून खाली पडला, तर तसाच उचलून काचेला लावू नका. बाहेर काढा, धुवा, बोट फिरवा, मगच लावा.

टँक ॲक्रिलिकचा असेल तर स्टीलचं ब्लेड घरातच ठेवू नका. ॲक्रिलिक इतकं मऊ असतं की कोरलाइनच्या सुटलेल्या खपलीनेही चरे पडतात. तिथे प्लास्टिकचं पातंच चालवा, तेही हळू. काचेसाठी स्टीलचं चालेल, पण नवं घ्या. मुंबईच्या पावसाळ्यात जुन्या ब्लेडवर गंज कधी चढला कळत नाही. कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून बोटभर लांब राहा. सांध्यावर कोरलाइन राहिली तर राहू दे, सिलिकॉन कापलं गेलं तर टँक गळेल.

बादली, पाइप, टॉवेल हे सांगायला नको. हातमोजे मात्र कोपरापर्यंतचे हवेत, आणि काचेवर झोआ किंवा पॅली, म्हणजे पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ) पसरले असतील तर डोळ्यांवर चष्मासुद्धा. काही पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ते बोटावरच्या चिरेतून आत जाऊ शकतं, उडालेल्या थेंबातून डोळ्यात जाऊ शकतं. तिथे ब्लेड नेऊच नका.

बदलायचं मिठाचं पाणी आधीच मुरवून, तापमान जुळवून तयार ठेवा. पंप आणि वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरतं ठेवणारं यंत्र) यांवरची कोरलाइन बाहेर काढूनच घालवायची: व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, तासभर बुडवा, ब्रश मारा, साध्या पाण्याने धुवा. व्हिनेगर टँकमध्ये ओतू नका, पाण्याचा पीएच कोसळेल.

मग सुरुवात. वेव्हमेकर बंद, म्हणजे वाळू उडणार नाही. मॅग्नेटवर बोट फिरवलंत ना? ब्लेड काचेला तिरपं धरा, वरून खाली या, वाळूच्या दोन बोटं वर थांबा. खपल्या पडतील तशा पाइपने ओढा. प्रवाळावर पडलेल्या पिचकारीने उडवा.

पाणी काढताना हीटर बंद हवा, पातळी परत भरली की चालू. वेव्हमेकरही चालू. ब्लेड गोड्या पाण्यात धुऊन पुसा. मॅग्नेट बाहेरच ठेवा. फिल्टर सॉक (पाण्यातला कचरा अडवणारी कापडी पिशवी) दुसऱ्या दिवशी बदला, खपल्यांनी भरलेला असतो, आणि त्याच वेळी केएच मोजा.