भजनाच्या वहीत नोटेशन कसं लिहावं : दोन पद्धतींच्या सीमेवरच्या मंडळांसाठी

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या भजनी मंडळाच्या वहीत मराठी अभंगाशेजारी कन्नड दासर पदही (हरिदास संतांचं भक्तिगीतही) असतं. अभंगाची चाल हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे स्वरलेखन पद्धतीने उतरवलेली असते, तर पद कर्नाटक संगीताच्या कन्नड पुस्तकातून घेतलेलं असतं. दोन्हीकडे स, रे, ग, म असले तरी खुणांचे अर्थ निराळे. म्हणून पानाच्या माथ्यावर चार गोष्टी आधी लिहाव्यात : पद्धत कोणती, सा कुठला (पेटीची काळी एक, पांढरी दोन, काळी चार), ताल व त्याच्या मात्रा (ठोके), आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोणत्या अक्षरावर. यातलं एक जरी राहिलं, तर ती चाल आधी न ऐकलेल्या पेटीवाल्याला त्या पानाचा उपयोग होत नाही.

वही गणिताची, चौकटींची घ्यावी. एका चौकटीत एक मात्रा. केरव्याला आठ चौकटी, दादऱ्याला सहा, त्रितालाला सोळा. प्रत्येक ओळीसाठी तीन थर सोडावेत : वर स्वर, मधे शब्द, खाली तालाच्या खुणा. समेला ×, खालीला (जिथे टाळी न देता हात बाजूला करतात) ०, पुढच्या टाळ्यांना २, ३. रूपकात सात मात्रा ३-२-२ अशा पडतात आणि समेलाच खाली असते, त्यामुळे तिथे × शोधत बसू नये.

लिहायला सुरुवात स्वरांनी करू नका, शब्दांनी करा. हातावर ताल धरून ओळ म्हणा, सम ज्या अक्षरावर पडते त्याला खूण करा आणि ते अक्षर पहिल्या चौकटीत टाका. बाकीची अक्षरं त्याच्या मागेपुढे आपोआप बसतात. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. केरव्यात मुखडा (गाण्याची सुरुवातीची ओळ) सातव्या मात्रेपासून उठत असेल आणि लिहिणाऱ्याने तो पहिल्या चौकटीपासून लिहिला, तर अख्खं गाणं दोन मात्रा सरकतं आणि तबला व टाळ एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी पहिल्या सहा चौकटी रिकाम्या सोडून सातवीपासून लिहावं.

केरव्यात दोन आवर्तनांचा, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांचा, एक नमुना घेऊ. चाल फक्त सरावासाठी आहे :

सा रे ग ग । प – ग –
ज य ज य । रा ऽ म ऽ
×　　　　। ०

म – ग – । रे सा – –
कृ ऽ ष्ण ऽ । ह री ऽ ऽ
×　　　　। ०

स्वर लांबला की आडवी रेघ, अक्षर लांबलं की अवग्रह (ऽ). दोन्ही थरांत चौकटी सारख्याच भरल्या पाहिजेत. एका मात्रेत दोन स्वर आले, समजा ‘राम’मधल्या ‘म’ या अक्षरावर ग आणि रे, तर दोन्ही एकाच चौकटीत लिहून खाली कंस काढायचा, जसा वाटीचा तळ, शब्दांच्या थरात ‘मऽ’. हा कंस विसरला की वाचणारा दोन मात्रा मोजतो आणि ओळ नऊ मात्रांची होते. कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराला ओझरता लागणारा स्वर, डावीकडे वर बारीक अक्षरात लिहावा. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) दाखवायला दोन स्वरांवरून कमान काढावी.

कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र (चढ्या) मध्यमावर उभी रेघ. मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब, ताराला (वरच्या सप्तकाला) वर टिंब. हे भातखंड्यांचं. विष्णु दिगंबर पलुसकरांची पद्धत वेगळी, आणि पलुसकर कुरुंदवाडचे असल्याने आपल्या भागातल्या जुन्या वह्यांत ती भेटली तर नवल नाही. त्यात वरचं टिंब मंद्राचं, वरची उभी रेघ ताराची, समेला १ आणि खालीला +. म्हणजे म वरची उभी रेघ एका पद्धतीत तीव्र मध्यम, दुसरीत तार मध्यम. जुनं पान उतरवताना आधी तालाच्या ओळीत × दिसतं की १, ते पाहावं. पद्धत तिथेच कळते.

आता कन्नड पुस्तकातलं पद. तिथे ‘शुद्ध’ या शब्दावर विसंबू नये. कर्नाटक संगीतातला शुद्ध रि म्हणजे आपला कोमल रे, आणि शुद्ध ध म्हणजे कोमल ध. आपला शुद्ध रे तिकडे चतुश्रुती रि, शुद्ध ध चतुश्रुती ध. साधारण ग म्हणजे कोमल ग, अंतर ग म्हणजे शुद्ध ग. कैशिकी नि कोमल, काकली नि शुद्ध. प्रति मध्यम म्हणजे तीव्र म. शुद्ध मध्यम मात्र दोन्हीकडे एकच. तिकडचे पहिले धडे मायामाळवगौळ रागात असतात. ते स्वर आपल्या भैरवाचे आहेत, पण रेघेशिवाय छापलेले पाहून पेटीवर सगळे शुद्ध स्वरांचा बिलावल वाजवला जातो. रागाचं नाव वाचून स्वर ठरवावेत, नुसती अक्षरं पाहून नाही.

दुसरा घोळ लांबीचा. कर्नाटक लेखनात ऱ्हस्व ‘स’ एका मात्रेचा, दीर्घ ‘सा’ दोन मात्रांचा. स्वल्पविरामाने एक मात्रा वाढते, अर्धविरामाने दोन. आपल्याकडे ‘सा’ नेहमी एकच मात्रा धरतो. पद आपल्या वहीत आणताना प्रत्येक दीर्घ अक्षरापुढे एक रेघ घालावी, मग बेरीज करून पाहावी. तिथले आदितालाचे आठ भाग ४-२-२ असे पडतात, पण एकेका भागात दोन किंवा चार स्वर बसवलेले असतात. ते आठ चौकटींत कोंबू नयेत.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना वहीचा फोटोच काढावा. टाइप केलेल्या कोमलाच्या रेघा हरवतात, आणि अक्षराच्या दोन्ही बाजूंना खालची रेघ दिली तर ते नुसतं तिरपं होतं. टाइप करायचंच असेल तर वेदातल्या अनुदात्ताची खूण कोमलाला आणि स्वरिताची तीव्राला चालते : रे॒ ग॒ ध॒ नि॒ म॑. बऱ्याच कीबोर्डांवर त्या खुणा नसतात, म्हणून या ओळीतूनच कॉपी करून ठेवाव्यात.

पान झालं की दोन तपासण्या. प्रत्येक आडव्या ओळीच्या चौकटी मोजा. एकही कमीजास्त नको. मग ती चाल कधी न ऐकलेल्या पेटीवाल्याला नुसतं पान द्या. तो जिथे अडखळतो तिथे बहुधा कंस, टिंब किंवा अवग्रह सुटलेला असतो. दरबारी रागातल्या गंधाराचं आंदोलन (स्वर हळू झुलवणं) मात्र कोणत्याही खुणेने पुरतं उतरत नाही. तिथे स्वरावर ‘आंदोलित’ असा शब्द लिहावा आणि ती जागा जाणत्याकडून समोर बसून शिकावी.