कॉम्प्युटरच्या सरांना गणितात पीएचडी करायचीय, तर हे आधी वाचा

मी सांगलीत इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शिकवतो, बारा वर्षं झाली, आणि गणितात पीएचडी करायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा नीट सांगणारं कुणीच भेटलं नाही, म्हणून लिहितोय.

पहिलं काम फॉर्म भरायचं नाही, प्रमोशनचं बघायचं. असोसिएट प्रोफेसर व्हायला 'संबंधित विषयातली' पीएचडी लागते, आणि कॉम्प्युटर डिपार्टमेंटला गणित संबंधित धरणार का हे आस्थापना विभागाला आधीच लेखी विचारा. तोंडी 'हो हो चालतंय की सर' ला काही अर्थ नाही. म्हणून विषयही गणित आणि कॉम्प्युटर यांच्या मधलाच धरा, ग्राफ थिअरी, कॉम्बिनेटोरिक्स, कोडिंग थिअरी, क्रिप्टोग्राफी. अल्गोरिदमवरच्या गाजलेल्या पुस्तकांचे लेखक डोनाल्ड क्नुथ, त्यांची पीएचडीसुद्धा गणितातलीच, कॅलटेकची, १९६३ ची, हे घरच्यांना सांगायला बरं पडतं.

आता परीक्षा. नेट म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. कॉम्प्युटरची नेट यूजीसीची असते, गणिताची सीएसआयआरची, नाव 'मॅथेमॅटिकल सायन्सेस', दोन्हीत गल्लत करू नका. २०० मार्क, तीन तास. भाग क मध्ये ६० पैकी २० सोडवायचे, प्रत्येकी ४.७५ मार्क, निगेटिव्ह नाही, पण एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर धरले तरच मार्क, एक सुटला की शून्य. आपली खरी पंचाईत इथंच होते, कारण आपण डिस्क्रीट मॅथ्स शिकवतो पण रिअल ॲनालिसिस, म्हणजे कॅल्क्युलसमागची काटेकोर सिद्धता, कधी धड केलेलं नसतं.

मला एका इंटरव्ह्यूत विचारलं, एक भागिले एक्स हे (०,१) वर युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे का, म्हणजे एक्सच्या दोन किमती पुरेशा जवळ घेतल्या की उत्तरंही सगळीकडे हवी तितकी जवळ येतात का? मी म्हणालो आहे, आलेख तर सलग आहे. सर नुसते हसले. घरी येऊन तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याच्या कागदी वेष्टनावर मांडलं तेव्हा कळलं, एक्स म्हणून १/न आणि १/(न+१) घ्या, दोघं एकमेकांना चिकटत जातात पण किमतींतला फरक कायम १ च. एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे 'किती जवळ' हे काटेकोर मांडायची पद्धत, असं हातानं घासल्याशिवाय मुरत नाही. रोज एक प्रूफ, पुस्तक मिटून.

नोकरी सांभाळून पार्ट टाइम चालतं, पण कॉलेजची एनओसी लागते. माझी अडीच महिने एकाच टेबलावर पडून होती, तोवर पीएचडी प्रवेशाच्या जाहिरातीची मुदत निघून गेली, तेव्हा अर्ज आधीच देऊन पोचवर शिक्का घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं, आणि किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, त्याच्या तासांना जावं लागणार, टाइमटेबलवाल्याशी आत्तापासून गोडीत राहा.

गाइड शोधताना शिवाजी विद्यापीठ जवळ पडतं म्हणून तेवढ्यावर थांबू नका, पण एसटीनं जाऊन समोर बसून बोलणं ईमेलपेक्षा केव्हाही बरं. ज्या गाइडना भेटणार त्यांचे दोन पेपर वाचून जा. प्रपोजलात 'लहानपणापासून गणिताची आवड' लिहिलंत तर पुढचं पान कुणी उलटत नाही, त्यापेक्षा एक छोटा प्रॉब्लेम, तुम्ही कुठपर्यंत पोचलात आणि कुठं अडलात, एवढं दीड पानात लिहा. अडलेलं मुद्दाम लिहा, माझ्या गाइडनी बोलायला सुरुवात तिथूनच केली.