मुठीतल्या वस्तू न बघता मोजताय? या चुका टाळा

ठाणे स्टेशनला रिक्षातून उतरताना खांद्याला पिशवी, मागे हॉर्न, मग खिशात हात घालून चाचपूनच सुट्टे काढायचे हे आपण सगळेच करतो. आणि पाच नाण्यांच्या जागी चार नाहीतर सहा जातात ती बहुतेक इथेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हाताला पाच-सहा वस्तू एकदम कळतात असं धरून चालणं. नाही कळत. एका फटक्यात हाताला तीनपर्यंतच नीट समजतं. नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांच्या मुठीत छोटे गोळे देऊन किती आहेत ते पटकन सांगायला लावलं होतं, २००९ मध्ये ते छापून आलं, तर तीनपर्यंत उत्तर झटपट यायचं आणि जवळजवळ चुकायचंच नाही, तीनच्या पुढे मात्र दर गोळ्यामागे वेळ वाढायचा आणि चुकाही वाढायच्या. डोळ्यांची मर्यादा पण फार लांब नाही. १८७१ मध्ये जेवन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने घेवड्यासारख्या काळ्या बिया डब्यात टाकून एका नजरेत मोजायचा प्रयोग स्वतःवरच केला, तीन-चारला तो एकदाही चुकला नाही, पाचपासून चुकायला लागला.

म्हणून तीन झाले की थांबा. अंगठ्याने ते करंगळीकडे सरकवा, तिथे दाबून धरा, मग उरलेले बघा. तीन आणि दोन पाच, तीन आणि तीन सहा. एकी की बेकी खेळताना मुठीत मावतील तेवढे चिंचोके कोंबून मनातल्या मनात आकडा ठरवणारी मुलं फसतात ती याचमुळे, त्यांना सवय लावायची तर हीच लावा.

दुसरी चूक, मूठ घट्ट आवळून हात स्थिर ठेवायचा. हात हलला पाहिजे हो! नाणी एकावर एक चिकटली की दोनचं एक जाड नाणं वाटतं, त्यामुळे अंगठ्याचं नख कडेवरून फिरवा, मधली खाच लगेच लागते. मणी, टिकल्या, छोटे स्क्रू असलं काही असेल तर तळव्यावर मोजूच नका, बोटांच्या टोकांनी मोजा, कारण टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन बिंदू वेगळे कळतात आणि तळव्याला त्यासाठी साधारण सेंटिमीटरभर अंतर लागतं. हात गारठलेला असेल तर आधी चोळून घ्या.

वाशीच्या मार्केटात रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून भाव सांगायची जुनी पद्धत होती, तिथे हाताला आकडा समजायचा कारण बोटं आपापल्या जागी असतात, घरंगळत नाहीत. तेच आपण करू शकतो. एका हाताच्या बोटांच्या फटीत एकेक नाणं अडकवायचं, चार फटी भरल्या की चार. मला ही युक्ती सगळ्यात भरवशाची वाटते.

वजनावर जाऊ नका. २०१९ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.०९ ग्रॅमचं, दोनचं ४.०७ ग्रॅमचं, म्हणजे एकची चार आणि दोनची तीन नाणी हातात जवळपास सारखीच लागणार. आकार बघा, एकचं २० मिलिमीटर, दोनचं २३. वीसचं नाणं बारा कोनी आहे, ते कडेवरूनच ओळखू येतं.

आणि हो, बोटं एकमेकांवर चढवून चाचपू नका. मधलं बोट तर्जनीवर चढवून फटीत एक वाटाणा फिरवून बघा, दोन असल्यासारखे वाटतात, ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय. खिशात हात वाकडा घालून मोजताना बोटं अशीच चढतात, तेव्हा आधी हात सरळ करा.

औषधाच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र कळकळीने सांगते, घरात आजी-आजोबा रात्री लाईट न लावता पाकिटातून गोळ्या काढत असतील तर स्पर्शावर सोडू नका, तीनच्या आतल्या असल्या तरी. सकाळ-दुपार-रात्रीचे कप्पे असलेला डबा मेडिकलमध्ये मिळतो, दिवसाउजेडी कुणीतरी बघून भरून ठेवायचा, आणि कप्प्याच्या झाकणावर वेगळ्या खुणा करायच्या, एकाला धागा, एकाला मणी, एक मोकळं.